टेन्शन सेटिंगची अंगठी: हिरा कसा निवडावा, पैसे कुठे घालावेत

साखरपुड्याच्या अंगठीचं बजेट ठरवताना बहुतेक घरांत आधी हिऱ्याचा आकडा ठरतो. अर्धा कॅरट की पाऊण, रंग कोणता, शुद्धता कोणती. मग उरलेल्या पैशांत सोनं आणि घडणावळ बसवायची. नेहमीच्या सॉलिटेअरला ही रीत चालते, टेन्शन सेटिंगच्या अंगठीला चालत नाही. या अंगठीत हिऱ्याला धरणाऱ्या नख्या नसतात, खाली बैठक नसते, भोवती पट्टीही नसते. कडी एका जागी खंडित असते आणि तिच्या दोन टोकांच्या दाबावर हिरा अधांतरी उभा राहतो. तो अंगठीच्या बांधणीचाच एक भाग असतो. म्हणून या खरेदीचा क्रम उलटा ठेवावा, असं माझं ठाम मत आहे: आधी कारागीर, मग धातू, मग हिरा. आणि हिऱ्यातही आधी त्याची कंबर, म्हणजे मधली कड, बघायची, रंग नंतर.

ही रचना जगापुढे आणली जर्मनीतल्या फ्रेडेन गावच्या निसिंग या कंपनीने, १९७९ साली. पुढे अमेरिकेत स्टीव्हन क्रेचमर यांनी अशा अंगठ्यांसाठी उष्णतेने कडक करता येणारे प्लॅटिनमचे खास मिश्रधातू वापरात आणले. हिऱ्याइतकाच धातूवर विचार झाला, यातच या अंगठीचं मर्म आहे. कडी म्हणजे इथे एक स्प्रिंग असते. दोन टोकांमधली फट हिऱ्याच्या व्यासापेक्षा किंचित कमी ठेवतात, टोकांना आतून बारीक खाचा कोरतात, हत्याराने कडी जराशी फाकवून हिऱ्याची कंबर त्या खाचांत बसवतात आणि कडी सोडून देतात. धातू मिटू पाहतो, हिरा मध्ये अडतो. खाच हिऱ्याच्या अंगाला तंतोतंत बसली नाही, तर सगळा दाब एका टोकावर येतो. हे मोजमाप मिलिमीटरच्या शतांशात चालतं. म्हणून खरी टेन्शन अंगठी विशिष्ट हिऱ्यासाठीच घडवलेली असते. आधी तयार अंगठी आवडली आणि मग तिच्यात हिरा घातला, असं इथे होत नाही.

दुकानात ‘टेन्शन’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या सगळ्या अंगठ्या अशा नसतात. बऱ्याचशा फक्त तशा दिसतात. हिऱ्याच्या खाली धातूची बारीक पट्टी असते, किंवा दोन्ही बाजूंनी अर्धी कड त्याला वरून पकडून असते. अंगठी उलटी करून खालून बघा. हिऱ्याचं टोक मोकळं दिसतं की त्याच्याखाली दोन टोकांना जोडणारा धातू आहे? जोडणारा धातू असेल तर ती टेन्शनसारखी दिसणारी अंगठी आहे. त्यात वाईट काही नाही. ती स्वस्त पडते, गल्लीतल्या सोनारालाही दुरुस्त करता येते, आणि रोज हाताने भरपूर काम करणाऱ्या मुलीला किंवा मुलाला तीच घ्या, असं मी सांगेन. पण तिच्यासाठी खऱ्या टेन्शनची घडणावळ देऊ नका. पावतीवर सेटिंगचा प्रकार लिहून मागा.

धातू आणि कारागीर

२२ कॅरट सोनं या कामाला मऊ पडतं. ते वाकतं आणि वाकलेलंच राहतं, परत उसळत नाही. १८ कॅरट चालतं, पण कारागिराने ते ठोकून, ओढून किंवा योग्य प्रक्रियेने कडक केलेलं हवं. नुसत्या साच्यात ओतलेल्या कडीत सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात आणि ताण नेमका तिथेच बाधतो. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न हा: कडी ओतीव आहे की घडीव, आणि कडक कशी केली? उत्तर देताना समोरचा गडबडला, तर दुसरं दुकान बघा.

आपल्याकडे १४ कॅरट म्हटलं की आजी-आजोबांच्या कपाळावर आठी पडते. या अंगठीपुरती ती आठी सोडावी. १४ कॅरटमध्ये सोनं ५८.५ टक्के, १८ कॅरटमध्ये ७५ टक्के. उरलेल्या धातूंमुळे १४ कॅरट साधारणपणे अधिक कडक असतं आणि दरही कमी. पांढऱ्या सोन्यात निकेल मिसळलेलं सोनं पॅलेडियम मिसळलेल्या सोन्यापेक्षा जास्त ताठ असतं. पण काहींच्या त्वचेला निकेल सोसत नाही. शिवाय ताणाखाली असलेल्या निकेलयुक्त पांढऱ्या सोन्याला क्लोरीनमुळे बारीक तडे जाऊ शकतात. पोहण्याचा तलाव आणि फरशी पुसायचं ब्लीच, दोन्ही ठिकाणी ही अंगठी बोटात नको. नख्यांच्या अंगठीत एक नखी मोडली तर बाकीच्या हिऱ्याला सांभाळतात. इथे तडा गेला की हिरा गेला.

प्लॅटिनम ९५० उत्तम, पण तोही योग्य मिश्रणाचा हवा. साध्या दागिन्यांसाठी वापरतात तसला मऊ प्लॅटिनम इथे उपयोगाचा नाही. प्लॅटिनम जड असतो, हे हिशेबात धरा. १८ कॅरट सोन्याची ७ ग्रॅमची अंगठी त्याच मापात प्लॅटिनममध्ये सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास जाते. टायटेनियम आणि स्टील स्प्रिंग म्हणून सरस, दिसायला आधुनिक आणि धातूच्या किमतीत अगदी स्वस्त. मोडीत मात्र त्यांचं काहीच येत नाही.

सोन्याच्या अंगठीवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा (१८ कॅरटला ७५०, १४ कॅरटला ५८५) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असा तिहेरी ठसा हवा. हा एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ या ॲपवर दुकानातच तपासता येतो. प्लॅटिनम या सक्तीच्या हॉलमार्कमध्ये येत नाही. त्यावर ९५०चा ठसा आणि शुद्धतेचं वेगळं प्रमाणपत्र मागून घ्या.

आता हिरा

हिरा दाबाने फुटत नाही का, ही भीती साहजिक आहे. नुसत्या स्थिर दाबाने निर्दोष हिऱ्याला काही होत नाही. शास्त्रज्ञ दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबून लक्षावधी वातावरणांइतका दाब निर्माण करतात. धोका वेगळा आहे. मोहसच्या मापावर हिरा १०, म्हणजे ओरखडा न पडण्यात पहिला. पण त्याच्या स्फटिकात चार दिशांना अशा पातळ्या असतात की नेमका घाव बसला तर तो त्यांवर दुभंगतो. जुने कारागीर कच्चा हिरा याच गुणाने फोडत. दाबात असलेला हिरा, त्यात कंबरेला चीर, आणि तिथेच बाईकच्या हँडलचा किंवा ओट्याच्या कडेचा फटका, असा योग जुळला की नुकसान होतं.

कंबर म्हणजे गर्डल, हिऱ्याच्या वरच्या आणि खालच्या भागामधली कड. प्रमाणपत्रावर तिची जाडी शब्दांत लिहिलेली असते. ‘मीडियम’ ते ‘स्लाइटली थिक’ हा पट्टा या अंगठीसाठी निवडा. ‘थिन’, ‘व्हेरी थिन’ वगैरे सरळ बाजूला ठेवा. खाचेत टवका उडण्याची भीती तिथे जास्त असते, आणि खाचेबाहेर उघडी राहणारी कडही पातळच असते. ‘व्हेरी थिक’ही नको. त्यात वजन कंबरेत दडतं, पैसे कॅरटचे जातात आणि वरून हिरा लहान दिसतो. काही हिऱ्यांवर ‘थिन ते स्लाइटली थिक’ असा पल्ला लिहिलेला असतो, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी नाही. असा हिरा घ्यायचाच झाला तर पातळ जागा खाचेत येणार नाही, हे कारागिराकडून कबूल करून घ्या.

मग शुद्धता. इथे ग्राहक नको तिथे पैसे घालतो. व्हीव्हीएस१ आणि व्हीएस२ यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, बिलात मात्र चांगला दिसतो. टेन्शन अंगठीत डाग किती यापेक्षा कुठे आणि कसला, हे महत्त्वाचं. टेबलाखाली (वरच्या सपाट पैलूखाली) बारीक ठिपका असलेला व्हीएस२ मी निःशंक घेईन. कंबरेपर्यंत आलेली पिसासारखी चीर (प्रमाणपत्रावर ‘फेदर’), कडेचा टवका किंवा पोकळी असेल, तर वरच्या ग्रेडचा हिराही नाकारीन. चीर लहान असेल तर हिरा फिरवून ती खाचांपासून दूर, उघड्या बाजूला नेता येते. पण हा निर्णय भिंगाखाली बघून कारागिरानेच घ्यावा. एसआय२ आणि त्याखालचे हिरे या कामासाठी नकोत.

एक बारकावा दुकानदार सहसा सांगत नाही. जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचं ‘डायमंड डॉसिए’ हे छोटं प्रमाणपत्र २ कॅरटच्या आतल्या हिऱ्यांना मिळतं आणि त्यात डागांचा नकाशा नसतो, फक्त त्यांची नावं असतात. पूर्ण अहवालात नकाशा असतो. अर्ध्या-पाऊण कॅरटच्या हिऱ्याबरोबर बहुधा डॉसिएच येईल. तेव्हा ‘फेदर’ हे नाव त्यावर असेल तर ती चीर नेमकी कुठे आहे, हे दहापट भिंगातून दाखवायला सांगा. प्रमाणपत्राचा क्रमांक बहुधा कंबरेवर लेझरने कोरलेला असतो. तो हिरा बसवण्यापूर्वी जुळवून बघा आणि खाचेखाली झाकला जाणार नाही असा बसवायला सांगा. एकदा झाकला की ओळख पटवायला अंगठी उघडावी लागते.

चिरा काचेने बुजवलेले हिरे या सेटिंगला कदापि नकोत. प्रमाणपत्र नसलेल्या स्वस्त हिऱ्यात हा धोका असतोच, म्हणून बिनप्रमाणपत्राचा हिरा कितीही ओळखीच्या माणसाकडून मिळत असला तरी घेऊ नये.

आकार गोलच घ्या. गोल हिऱ्याची कंबर सगळीकडे सारखी वळते, दाब सारखा पडतो. प्रिन्सेसचे कोपरे, मार्कीझ आणि पेअरची टोकं नाजूक असतात. या आकारांचे हिरे टेन्शनमध्ये बसवणारे कारागीर आहेत, पण जोखीम आणि घडणावळ दोन्ही वाढतात.

पैलूंच्या दर्जात मात्र तडजोड नको. बाजू मोकळ्या असल्याने हिरा सगळीकडून दिसतो, त्याची चमक आणि मंदपणा दोन्ही उघडे पडतात. गोल हिऱ्याला ‘एक्सलंट’ कट मागा. त्याच कारणाने रंगही बाजूने थोडा जास्त जाणवतो. पांढऱ्या धातूत जी किंवा एच पुरे, पिवळ्या सोन्यात आय-जे शोभून दिसतात. डी-ई-एफचे पैसे कडीच्या धातूत घाला.

वजनात एक बचत सहज होते. अर्धा, पाऊण, एक अशा गोल आकड्यांना प्रति कॅरट दर चढतो. ०.४६ कॅरटचा चांगला हिरा व्यासाने साधारण ५ मिलिमीटर, ०.५० चा ५.१. बोटात तो फरक कुणी ओळखणार नाही.

लॅब-ग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा घ्यावा का? बांधणीच्या दृष्टीने हो. कठीणपणा आणि रचना नैसर्गिक हिऱ्याचीच. कंबर, चिरा आणि कट यांचे वरचे सगळे निकष त्यालाही लागू. किंमत नैसर्गिकपेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे पैसा उत्तम कडीकडे वळवता येतो. पण परत विकताना त्याचे फारसे काही येतील, ही आशा ठेवू नका. डी बिअर्स या हिरे कंपनीने २०१८मध्ये ‘लाइटबॉक्स’ या नावाने कॅरटला ८०० डॉलर दराने लॅब-ग्रोन दागिने आणले आणि भाव कोसळत गेल्यावर २०२५मध्ये तो ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. बिलावर ‘लॅब-ग्रोन’ हा शब्द आणि प्रमाणपत्राचा क्रमांक आलाच पाहिजे.

बिल कसं बसतं

खालचे दर फक्त गणितासाठी धरले आहेत. तुमच्या खरेदीच्या दिवशीचे दर त्या जागी घाला. समजा १८ कॅरटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये, आणि ०.५० कॅरटचा, जी रंगाचा, व्हीएस२ नैसर्गिक हिरा कॅरटला १,८०,००० रुपये दराने, म्हणजे ९०,००० रुपयांना मिळाला.

नख्यांची साधी सॉलिटेअर साडेतीन ग्रॅमची धरू: सोनं ३५,०००, घडणावळ १२ टक्के म्हणजे ४,२००, हिरा ९०,०००. एकूण १,२९,२००. त्यावर ३ टक्के जीएसटी ३,८७६. बिल १,३३,०७६ रुपये.

टेन्शन अंगठीला कडी भरीव लागते. ७ ग्रॅम धरू: सोनं ७०,०००. खास घडणावळ २५,००० धरू. हिरा तोच. एकूण १,८५,०००, जीएसटी ५,५५०, बिल १,९०,५५० रुपये. हिरा एकच असूनही ५७,४७४ रुपये जास्त, आणि ते सगळे धातू, कारागिरी आणि त्यावरच्या करात गेले. तेच लॅब-ग्रोन हिरा कॅरटला ३०,००० दराने घेतला तर हिरा १५,०००, एकूण १,१०,०००, करासह १,१३,३०० रुपये. हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा कर वेगळा.

पैसे कमी पडत असतील तर कडीचं वजन कमी करायला सांगू नका. सॉलिटेअरमध्ये कडी बारीक केली तर फार तर ती नाजूक दिसते. इथे स्प्रिंग कमजोर होते. हिऱ्याचं वजन, रंग किंवा शुद्धता एक पायरी उतरवा, किंवा १४ कॅरटकडे वळा. यांपैकी काहीही चालेल.

बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन आणि दर, घडणावळ, हॉलमार्क शुल्क आणि कर वेगवेगळे लिहून घ्या. १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. अर्ध्या कॅरटचं वजन सोन्यातून वजा केलं नाही, तर वरच्या दराने हिऱ्याच्या वजनाचे सोन्याच्या भावाने हजार रुपये जास्तीचे जातात. बिल २ लाखांच्या वर गेलं तर पॅन लागतो, आणि २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख देता येत नाही.

बिलानंतरचा खर्च

या अंगठीचं माप सहसा बदलून मिळत नाही. कडीचा व्यास बदलला की दाब बदलतो. डाग देऊन जोड घातला तर उष्णतेने स्प्रिंग मऊ पडते. त्यामुळे माप बदलणं म्हणजे बहुतेक वेळा कडी नव्याने घडवणं, पुन्हा घडणावळ आणि सोन्यातली घट. कारागीर ही सोय देतो का, किती वर्षं आणि काय दराने, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या. दोन मापांच्या आत एकदा मोफत बदल देणारा कारागीर थोडा महाग असला तरी परवडतो. बाळंतपण, वजन, वाढतं वय, या सगळ्यांत बोट बदलतं.

म्हणून माप गुपचूप घेऊ नये. जोडीदाराच्या दुसऱ्या अंगठीवरून अंदाज बांधणं या सेटिंगला धोक्याचं आहे. रुंद कडीला नेहमीपेक्षा किंचित मोठं माप लागतं, आणि मुंबई-कोकणातल्या उकाड्यात संध्याकाळी बोट सुजतं. सारख्याच रुंदीच्या मापकड्यांनी, वेगवेगळ्या वेळी माप घ्या. आश्चर्याचा धक्का द्यायचा असेलच तर साखरपुड्याला साधी अंगठी द्या आणि ही लग्नाआधी सावकाश घडवा. मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यात अशी ऑर्डर देऊन कारागिराला घाई लावू नका.

आपल्याकडे पाच वर्षांनी मोठा हिरा बदलून घ्यायची योजना अनेक सराफ देतात. टेन्शन अंगठीत मोठा हिरा म्हणजे नवी कडी. सध्याचा हिरा हरवला तरी त्याच व्यासाचाच शोधावा लागतो. तेव्हा बदलून घेण्याची कबुली हिऱ्यापुरती आहे की अख्ख्या अंगठीची, हे विचारा. दुकानातून मिळणाऱ्या मोफत विम्यातही चोरीबरोबर हिरा सेटिंगमधून निसटणं येतं का, ते वाचून बघा. पुष्कळदा येत नाही. घराच्या विम्यात दागिन्यांचं सर्व जोखमींचं संरक्षण वेगळं घेता येतं.

दर सहा महिन्यांनी कारागिराकडून भिंगाखाली तपासणी करून घ्या. घरी कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. कणीक मळताना, जिममध्ये, बाईक चालवताना अंगठी काढून ठेवा. पांढऱ्या सोन्याला ऱ्होडियमचा मुलामा काही वर्षांनी परत द्यावा लागतो. तो द्यायला आणि कुठल्याही दुरुस्तीला मूळ कारागिराकडेच जा. या अंगठीला फुंकणीचा जाळ लागता कामा नये.

ताबा घेताना दहापट भिंग मागा आणि दोन्ही खाचा बघा. हिरा सरळ बसलाय का, कंबर दोन्ही बाजूंना सारखी आत गेलीय का, टवका नाही ना. टाचणीच्या टोकाने हलकं ढकलल्यावर तो तसूभरही हलता कामा नये. एचयूआयडी, कंबरेवरचा क्रमांक आणि बिल जुळवा. सोन्याची शुद्धता ठशापेक्षा कमी निघाली तर बीआयएसच्या नियमांनुसार फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणी शुल्क मिळण्याचा हक्क तुम्हाला आहे. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

पुढे कधी हिरा फिरलेला किंवा तिरका वाटला, तर बोटाने दाबून जागेवर बसवू नका. अंगठी तिथेच काढा, छोट्या झिपच्या पिशवीत घालून बंद करा, म्हणजे हिरा निसटला तरी पिशवीतच राहील, आणि तशीच कारागिराकडे न्या.